शाळेत लावलेलं झाड मे महिन्यात कोण जगवतं?

पाऊस सुरू झाला की सातारा-सांगलीकडच्या शाळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो यायला लागतात. रोपाभोवती दाटीवाटीनं उभी राहिलेली मुलं, कुदळ धरलेले मुख्याध्यापक, मागे बॅनर. 5 जून 2024 ला केंद्र सरकारची 'एक पेड माँ के नाम' मोहीम सुरू झाली, त्यानंतर यात आणखी भर पडली. रोप लावायचं, फोटो काढायचा, पोर्टलवर चढवायचा आणि प्रमाणपत्र उतरवून घ्यायचं. दरवर्षी हे पाहणारे पालक मग एक साधा प्रश्न विचारतात, की मागच्या वर्षी लावलेल्या झाडांचं पुढं काय झालं?

प्रश्न रास्त आहे आणि तो झाडांपुरता नाही. गांडूळखताचा हौद, प्लास्टिक गोळा करायचं पोतं, छतावरच्या पावसाच्या पाण्याची टाकी, सौर पॅनेल, परसबाग, यातलं काही ना काही बहुतेक हायस्कुलांत एकदा तरी सुरू झालेलं असतं. एखाद्या शाळेत ते वर्षानुवर्षं चालतं, शेजारच्या गावात दिवाळीपर्यंतही तग धरत नाही. शिक्षक तेवढेच तळमळीचे, मुलं तेवढीच उत्साही, तरीही असं का होतं, ते या लेखात उलगडून पाहू.

'टिकला' कधी म्हणायचं?

आधी एक शब्द समजून घेऊ. लावलेल्या शंभर रोपांपैकी ठरावीक काळानंतर किती जिवंत आहेत, त्याला जगण्याचं प्रमाण म्हणतात. वनखातं ते मोजतं. शाळेत सहसा कुणी मोजत नाही.

समजा एका शाळेनं 100 रोपं लावली आणि पहिल्या वर्षी त्यातली 70 जगली. ऐकायला चांगलं वाटतं. पण दुसऱ्या वर्षीही त्याच हिशेबानं गळती झाली तर उरतात 49, आणि तिसऱ्या वर्षाअखेर 34. आपल्याकडच्या कोरड्या भागात रोपाची मुळं खोल जाऊन ते स्वतःच्या हिमतीवर उभं राहायला दोन-तीन उन्हाळे काढावे लागतात. म्हणजे झाड 'लागलं' असं तिसऱ्या उन्हाळ्यानंतरच म्हणता येतं. जुलैमधली टवटवी पाहून काहीच सांगता येत नाही, कारण जुलैत सगळीच रोपं टवटवीत असतात.

राज्य पातळीवरही हाच घोळ झालेला आपण पाहिला. 2016 मध्ये 2 कोटी, 2017 मध्ये 4 कोटी, 2018 मध्ये 13 कोटी आणि 2019 मध्ये 33 कोटी, अशी वृक्षलागवडीची उद्दिष्टं दरवर्षी वाढत गेली. हे सगळे आकडे लावण्याचे. जगली किती, यावर एवढे वाद झाले की 2021 मध्ये चौकशीसाठी विधिमंडळाची समिती नेमावी लागली. मोजायचं ठरवलं लावताना आणि विचारलं गेलं जगवण्याबद्दल, तर हिशेब कसा लागणार?

झाडाव्यतिरिक्तच्या उपक्रमांना माझा निकष असा: ज्या शिक्षकांनी तो सुरू केला ते शाळेत नाहीत, ज्या मुलांनी सुरू केला ती दहावी होऊन गेली, आणि तरीही काम चालू आहे, तर तो टिकला. त्याच्या अलीकडचं सगळं अजून परीक्षेत आहे.

शाळेचं वर्ष वेगळं, झाडाचं वर्ष वेगळं

शाळा भरते जूनच्या मध्याला. जुलै-ऑगस्टमध्ये लागवड होते, सप्टेंबरपर्यंत पाऊस पाणी घालतो. दिवाळीच्या सुट्टीतही जमिनीत थोडी ओल असते. मग डिसेंबर-जानेवारीत क्रीडा स्पर्धा, स्नेहसंमेलन, सहली. फेब्रुवारी-मार्चमध्ये दहावीची परीक्षा, एप्रिलमध्ये बाकीच्यांची. आणि मे उजाडला की फाटकाला कुलूप.

रोपाला पाण्याची खरी गरज मार्चपासून पावसाळा सुरू होईपर्यंत. म्हणजे शाळेचं लक्ष सगळ्यात कमी असतं तेव्हाच रोपाची गरज सगळ्यात जास्त असते. हे कुणाच्या आळसामुळे होत नाही. दोन वेळापत्रकं एकमेकांवर बसतच नाहीत, म्हणून होतं.

त्यातही आपल्याकडे तालुक्यागणिक हवा बदलते. महाबळेश्वरला वर्षाला 5,000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातल्या माणमध्ये 500 च्या आसपास. सांगलीत शिराळ्याचा पश्चिम भाग आणि जत-आटपाडी यांचं तसंच. त्यामुळे सगळ्या शाळांना एकच सूचना देऊन भागत नाही. जावळी-पाटणच्या शाळेत रोप मरतं ते बहुतेकदा मोकाट जनावरांनी, गवतात दबून किंवा वणव्यात. माण-खटाव, जत, कवठेमहांकाळकडे ते तहानेनं मरतं. पहिल्या ठिकाणी कुंपण आणि खुरपणी हवी, दुसऱ्या ठिकाणी उन्हाळ्याचं पाणी.

गांडूळखताचा हौद जवळून पाहिला की हे सुट्टीचं गणित फार नीट कळतं. जूनमध्ये विटांचा हौद बांधला जातो, शेण आणि पालापाचोळा भरला जातो, किलो-दोन किलो गांडुळं सोडली जातात. वर गोणपाट. डिसेंबरपर्यंत छान काळं, भुसभुशीत, मातीचा वास येणारं खत तयार होतं. मुलं ते हातात घेऊन दाखवतात आणि त्यांना झालेला आनंद खरा असतो. पण गांडुळाला सतत ओल लागते. मे महिन्यात गोणपाट वाळून कडक होतं, हौदाच्या कडेनं लाल मुंग्यांची रांग लागते, आणि जूनमध्ये शिपाई गोणपाट उचलतात तेव्हा आत कोरडा भुगा आणि काड्या. पुन्हा गांडुळं विकत आणायला पैसे नसतात. हौदात मग तुटके बाक ठेवले जातात.

त्याच आवारात, भिंतीच्या कडेला, नुसता पालापाचोळ्याचा खड्डा असता तर? त्यात गांडुळं विकत आणून सोडायची नाहीत. पानं पडतील तशी ढकलायची, वर थोडी माती. खत व्हायला जास्त महिने लागतात, दिसायला काहीच विशेष नाही, पाहुण्यांना दाखवायला तर अजिबातच नाही. पण मे महिन्यात त्याला कुणी विचारलं नाही तरी तो मरत नाही. पाऊस पडला की काम परत सुरू होतं. शाळेनं उपक्रम निवडताना हा गुण आधी बघावा असं मला मनापासून वाटतं: दीड महिना कुणी फिरकलं नाही तरी तो तग धरेल का?

बदली झाली की उपक्रम संपतो, तो का?

हायस्कूल आठवी ते दहावीचं असेल तर कुठलंही मूल तिथं तीनच वर्षं असतं. दरवर्षी एक तृतीयांश शाळा नवी. त्यातली दहावी तर अभ्यासापायी मोकळी नसतेच. प्रभारी शिक्षकांचीही बदली किंवा निवृत्ती ठरलेली. आणि बहुतेक शाळांत सगळा उपक्रम एकाच शिक्षकाच्या खांद्यावर असतो, बहुधा विज्ञानाच्या किंवा भूगोलाच्या. बोअरचा कॉक कुठला फिरवायचा, नर्सरीवाल्याचा फोन नंबर, ठिबकच्या नळ्या कुठं ठेवल्या, हे सगळं त्यांनाच माहीत. ते गेले की माहितीही गेली.

आता गावच्या यात्रेकडे पाहा. ती पिढ्यान्‌पिढ्या चालू आहे आणि तिला कुणी प्रभारी शिक्षक नाही. पालखीला खांदा कुणाचा, नैवेद्य कुठल्या घरचा, ढोल कुठल्या वाडीचा, हे ठरलेलं आहे. मान घराला असतो. घरातला कर्ता माणूस गेला तर पुढच्या वर्षी त्याचा मुलगा त्या जागी उभा राहतो, त्यासाठी बैठक घ्यावी लागत नाही. वर्गणी ठरलेली, आणि यात्रा झाली की हिशेब चार लोकांसमोर वाचला जातो. शाळेच्या उपक्रमाला हीच रचना लागते. काम व्यक्तीच्या नावावर न ठेवता वर्गाच्या, पदाच्या नावावर ठेवायचं. 'आठवी ब कडे विहिरीकडची पाच झाडं' असं एकदा ठरलं की मुलं बदलली तरी आठवी ब तिथंच असते. जूनमध्ये नववीत गेलेल्या मुलांनी नव्या आठवीला झाडं दाखवून, वहीत सही करून ताबा द्यायचा. एवढी पाच मिनिटांची गोष्ट केली तरी पुष्कळ फरक पडतो.

आपल्या मातीत याचं मोठं उदाहरण आहे. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी 1919 मध्ये कराड तालुक्यातल्या काले इथं रयत शिक्षण संस्था सुरू केली आणि 1924 मध्ये साताऱ्यात वसतिगृह उभं केलं. 'स्वावलंबी शिक्षण हेच आमचे ब्रीद' हे तिथं भिंतीवरचं वाक्य नव्हतं. मुलं शेतात राबायची, स्वयंपाकाला हात लावायची. श्रम दिवसाच्या वेळापत्रकातच बसवलेले होते, एखाद्या दिनविशेषासाठी राखून ठेवलेले नव्हते. संस्थेनं बोधचिन्ह म्हणून वटवृक्ष घेतला. आज तिच्या शाखा गावोगाव आहेत आणि त्यांच्यापाशी हा वारसा घरचाच आहे.

पैसा लावायला मिळतो, सांभाळायला मिळत नाही

2001 मध्ये केंद्राच्या पर्यावरण मंत्रालयानं राष्ट्रीय हरित सेना सुरू केली. शाळाशाळांत पर्यावरण मंडळं निघाली. त्यांना मिळणारं अनुदान थोडकंच राहिलं आणि ते उपक्रमासाठी, म्हणजे काहीतरी नवीन करण्यासाठी. देणगीचंही तसंच. एखादी बँक, साखर कारखाना किंवा माजी विद्यार्थ्यांचा गट झाडांच्या जाळ्या देतो, ठिबक देतो, त्यावर नाव रंगवतो. तुटलेली नळी बदलायला किंवा सुट्टीत पाणी घालणाऱ्याला महिन्याकाठी काही द्यायला कुणी देणगी देत नाही.

अनुदानित शाळेकडे यासाठी वेतनेतर अनुदान असतं, म्हणजे पगार सोडून वीज, खडू, दुरुस्ती अशा खर्चासाठीचे सरकारी पैसे. त्यातून आधी वीजबिलच भागवावं लागतं.

म्हणूनच जो उपक्रम शाळेचा पैसा वाचवतो, तो टिकायची शक्यता जास्त. जुन्या ट्यूबच्या जागी एलईडी बसवली की पुढं कुणी काही करायचं नाही, बिल आपोआप कमी येतं. याबद्दल आणखी सांगण्यासारखं काही नाही, ते चालतंच.

सौर पॅनेलचं थोडं समजून घ्यायला हवं. छतावरच्या 1 किलोवॅटच्या संचातून आपल्याकडे दिवसाला साधारण 4 युनिट वीज मिळते. संच दोन तऱ्हेचे असतात. एक बॅटरीवाला, दुसरा महावितरणच्या तारेला जोडलेला. बॅटरीची काळजी घ्यावी लागते आणि काही वर्षांत ती बदलावी लागते. तो खर्च आला की संच पडून राहतो. तारेला जोडलेल्या संचात नेट मीटरिंग असतं, म्हणजे शाळेनं न वापरलेली वीज महावितरणकडे जाते आणि ती युनिटं पुढच्या बिलांतून वजा होतात. मे महिन्यात ऊन सगळ्यात कडक आणि शाळा बंद, म्हणजे पंखेही बंद. झाडांना जो महिना मारतो, तोच या संचाला कमाईचा ठरतो. त्याची देखभाल म्हणजे पॅनेलवरची धूळ धुणं. ऊसपट्ट्यात तोडणीच्या हंगामात पाचट पेटवल्यावर काजळी उडते, तेव्हा हे काम जरा वरचेवर करावं लागतं.

पाण्याचा हिशेब करून तर बघा

एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे एकदा लक्षात ठेवलं की सातवीतलं मूलसुद्धा पुढचा हिशेब करतं. 200 चौरस मीटरचं छत आणि 500 मिलिमीटर पाऊस, म्हणजे 1 लाख लिटर. माणदेशातल्या शाळेलाही एवढं मिळतं. यातलं थोडं उडून, सांडून जातं, तरी आकडा मोठाच राहतो.

अडचण साठवण्याची. 10,000 लिटरची टाकी त्या छतावर 50 मिलिमीटर पाऊस पडला की भरून वाहते, आणि पाऊस थांबल्यावर दोन महिन्यांत वापरून संपते. म्हणून उरलेलं पाणी बोअरच्या पुनर्भरणाला सोडणं शहाणपणाचं. इथंही उपक्रम मरतो तो एका बारीक जागी: पाइपाच्या तोंडाशी असलेल्या गाळणीत. तिच्यात वाळू आणि खडी असते. छतावरची पानं, पक्ष्यांची घाण, कौलांचा चुरा तिथं अडकतो. मे अखेरीस ती साफ केली नाही तर पहिल्याच मोठ्या पावसात पाणी तुंबतं, आणि कुणीतरी वैतागून पाइप सोडवून ठेवतो. तो पाइप परत जोडला जात नाही.

आता झाडांना उन्हाळ्यात किती पाणी लागतं ते पाहू. 15 रोपं धरा, प्रत्येकाला आठवड्यातून दोनदा 10 लिटर. आठवड्याला 300 लिटर झालं. सुट्टीचे सहा आठवडे धरले तर 1,800 लिटर. 2,000 लिटरची एक टाकी सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी भरून ठेवली तर अख्खी सुट्टी निघते. पाण्याची टंचाई ही बऱ्याचदा सांगायची सबब असते. टाकीचा कॉक फिरवायला माणूस नसतो, हे खरं दुखणं. शाळेनं पंधराऐवजी दोनशे रोपं लावली असतील तर मात्र टंचाई खरीच आहे, आणि ती लावतानाच ओढवून घेतलेली आहे.

खटावकडच्या एका शाळेत पाहिलेली युक्ती मला फार आवडली. दुपारच्या पोषण आहारानंतर मुलं ताटल्या धुतात, त्या नळांच्या रांगेखालून हातभर रुंदीचा चर काढलेला. पाणी चरातून कडुनिंब, करंज आणि चिंचेच्या आळ्यांत जातं. प्रत्येक आळ्यापाशी एक फरशीचा तुकडा, पाणी कुठं वळवायचं ते त्यानं ठरतं. ताटली धुता धुता मुलं तो तुकडा पायानं सरकवतात. झाडांना पाणी घालायचं म्हणून कुणी वेगळं काही करत नाही. सुट्टी लागते तोवर झाडं एवढी मुरलेली असतात की थोड्या पाण्यावरही तग धरतात.

कचऱ्याचं काय?

ओला-सुका कचरा वेगळा करण्याचा उपक्रम शाळेच्या फाटकाबाहेर काय घडतं यावर अवलंबून असतो. मुलांनी दोन डबे नेटानं वेगळे ठेवले आणि बाहेर घंटागाडीत दोन्ही एकत्र ओतले गेले, तर मुलांना ते एका दिवसात दिसतं आणि दुसऱ्या दिवशी डबेही एक होतात. त्यांना दोष देता येणार नाही. गाव व्यवस्थित असेल तर शाळेचं काम सोपं होतं. स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखापेक्षा कमी लोकसंख्येच्या शहरांत 2020 मध्ये कराड आणि 2021 मध्ये विटा देशात पहिलं आलं. अशा शहरातल्या शाळेला डबे वेगळे ठेवण्यात अर्थ वाटतो. खेडेगावात घंटागाडीच नसेल, तर शाळेनं ओला कचरा आवारातच जिरवावा आणि प्लास्टिकचा मार्ग ग्रामपंचायतीशी बोलून ठरल्यावरच गोळा करायला घ्यावं. नाहीतर पोती भरून खोलीत पडतात आणि एक दिवस मागच्या बाजूला पेटवली जातात.

'पण' म्हणून विचारले जाणारे प्रश्न

*स्पर्धा लावल्या की कामं होतात, मग टिकत का नाहीत?* स्पर्धेनं काम होतं, यात शंका नाही. पाणी फाउंडेशनच्या वॉटर कप या गावागावांतल्या जलसंधारणाच्या स्पर्धेत 2016 ला कोरेगाव तालुक्यातलं वेळू आणि 2018 ला माणमधलं टाकेवाडी पहिलं आलं. लोकांनी उन्हात घाम गाळला ते सगळ्या महाराष्ट्रानं पाहिलं. पण त्यांनी जे केलं ते समतल चर आणि बांधबंदिस्ती. एकदा जमिनीत झालं की ते रोज पाणी मागत नाही, काही वर्षांनी गाळ काढला की पुरतं. रोप तसं नाही, ते रोज मागतं. म्हणून शाळांची स्पर्धा असावी, पण बक्षीस तीन वर्षांनी, जिवंत झाडं मोजून द्यावं. 'इको-स्कूल्स' हा 1994 पासून अनेक देशांत चाललेला कार्यक्रम शाळेला हिरवा झेंडा देतो, तो कायमचा नसतो. ठरावीक काळानं पुन्हा तपासणी होते आणि तो पुन्हा मिळवावा लागतो.

*शिक्षकांवर आधीच कामांचा डोंगर आहे.* हे शंभर टक्के खरं. निवडणुकीची कामं, सर्वेक्षणं, ऑनलाइन माहिती भरणं, त्यात हेही. म्हणून उपक्रम वाढवू नका, कमी करा. सात उपक्रमांचे सात फोटो काढण्यापेक्षा दोनच ठेवा आणि ते तासात बसवा. दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंट या संस्थेच्या हरित शाळा कार्यक्रमात मुलं स्वतःच शाळेची हवा, पाणी, ऊर्जा, अन्न, जमीन आणि कचरा यांची मोजदाद करतात. झाडाचा घेर मोजणं, छताचं क्षेत्रफळ काढणं, वीजबिलाचा आलेख काढणं हे गणित-विज्ञानाचंच काम आहे, त्याला वेगळा तास लागत नाही.

*आपल्या कोरड्या माळावर झाडं जगतच नाहीत.* सांगली जिल्ह्यातलं सागरेश्वर बघून या. आज हरणांसाठी ओळखलं जाणारं ते अभयारण्य माणसांनी लावून, राखून उभं केलेलं आहे. वृक्षमित्र धों. म. मोहिते आणि भागातल्या लोकांनी उघड्या डोंगरांवर वर्षानुवर्षं काम केलं, 1985 मध्ये त्याला अभयारण्याचा दर्जा मिळाला. तिथंही पाऊस बेताचाच आहे.

*रोप मेलं तरी मुलं काहीतरी शिकलीच ना?* हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो विचारणारे चांगल्या मनानं विचारतात. पण मुलं जे बघतात तेच शिकतात. आठवीत लावलेलं रोप नववीत वाळलेलं दिसलं, त्याच खड्ड्यात नवं रोप आलं, पुन्हा फोटो निघाला, तर त्यांना कळतं की फोटो निघाला की काम संपतं. मोठेपणी ग्रामपंचायतीत, कारखान्यात, कचेरीत ती तसंच वागतील. उलट पाचच झाडं असली, त्यातलं एक मेलं आणि सरांनी वर्गात बसवून 'हे का मेलं' याचा शोध घ्यायला लावला, तर ते मेलेलं झाडही मोलाचं. फक्त तो शोध घ्यायला हवा.

पालक म्हणून काय करता येईल

पुढच्या पालकसभेत गुणपत्रिकेच्या चर्चेनंतर पाच मिनिटं मागून घ्या. तक्रारीच्या सुरात नको, कारण समोरचे शिक्षक बहुतेकदा स्वतःच्या खिशातून रोपं आणत असतात. तीन वर्षांपूर्वीची झाडं कुठली, ती दाखवा म्हणा. सुट्टीत फाटकाची चावी कुणाकडे असते ते विचारा. शाळेजवळ घर असलेले दोन पालक आळीपाळीनं कॉक फिरवायला तयार झाले, तर निम्मा प्रश्न तिथंच सुटतो.

आणि बोलणं कागदावर आणा. शाळा व्यवस्थापन समिती किंवा पालक-शिक्षक संघाच्या बैठकीत एक ठराव करून घ्या. तो साधारण असा लिहिता येईल:

'दि. 1 मे ते 15 जून या काळात शाळेच्या आवारातील 15 झाडांना आठवड्यातून दोनदा पाणी घालण्याची जबाबदारी श्री./श्रीमती ........ (पद ........) यांची राहील. त्यासाठीचा खर्च ........ या खात्यातून देण्यात येईल. सदर व्यक्तीची बदली अथवा निवृत्ती झाल्यास ही जबाबदारी त्या पदावर येणाऱ्या व्यक्तीकडे जाईल. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात छतावरील पाण्याची गाळणी साफ करण्यात येईल. शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात जिवंत झाडांची मोजणी करून आकडा पुढील बैठकीच्या इतिवृत्तात नोंदवण्यात येईल व ती नोंद होईपर्यंत नवीन लागवड करण्यात येणार नाही.'

खाली सूचक आणि अनुमोदक म्हणून दोन पालकांच्या सह्या घ्या, आणि एक प्रत कार्यालयाबाहेरच्या फलकावर लावायला सांगा.